पंडिता रमाबाई आणि देशोदेशींचा भगिनीसंघ



महोत्सवाच्या स्मरणिकेंत एखादें चरित्र असावें अशी आपल्याकडे वहिवाट आहे, व तें बहुधा एखाद्या संताचें असतें. यंदा आपल्या मंडळींतील स्त्रियांनीं माझ्यापुढें निराळीच मागणी ठेविली. निरनिराळ्या देशांतल्या व निरनिराळ्या धर्मांच्या स्त्रियांनीं सलोख्यासाठीं एकत्र यावें, असा उद्योग आपल्या मराठी मुलुखांतील कोणा बाईनें पूर्वीं केला आहे काय, असा त्यांचा प्रश्न होता. पुष्कळ विचार करून मी पंडिता रमाबाईंपाशीं येऊन थांबलों.

रमाबाई आपल्या ख्रिस्तसभेच्या नव्हत्या, हें आधींच सांगून ठेवतों. त्यांचा स्नानसंस्कार अँग्लिकन पंथांत झाला, आणि त्या पंथाच्या आचार्यांशींही त्यांचें पुढें पुरतें जुळलें नाहीं. त्यांच्या कित्येक धर्ममतांशीं मी सहमत नाहीं. पण बोस्टनची सधन गृहिणी, इंग्लंडची धर्मभगिनी आणि कोंकणांतील बालविधवा यांना एका सूत्रांत गोंवण्याचें काम आपल्याच भाषेंत बोलणाऱ्या एका स्त्रीनें केलें. तिची गोष्ट आपल्या स्मरणिकेबाहेर ठेवण्याचें कारण मला दिसत नाहीं.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजीं सह्याद्रीच्या माथ्यावर, कर्नाटकांतील गंगामूळ येथील अरण्यांत झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे कोंकणस्थ ब्राह्मण व मोठे संस्कृत पंडित. तरुणपणीं ते पुण्यास विद्याभ्यास करीत असतां त्यांचे गुरु रामचंद्रशास्त्री हे दुसऱ्या बाजीरावाच्या राणीस संस्कृत शिकवीत. तें पाहून ही विद्या स्त्रियांस कां नसावी, हा विचार त्या शिष्याच्या मनांत रुजला. पुढें त्यांनीं आपली पत्नी लक्ष्मीबाई यांस संस्कृत शिकविलें, शास्त्रीमंडळींचा रोष पत्करला, व रानांत जाऊन आश्रम थाटला. लक्ष्मीबाईंनीं तीच विद्या पहांटेच्या वेळीं आपल्या धाकट्या मुलीस दिली.

आश्रम कर्जांत बुडाला आणि कुटुंब तीर्थयात्रेस निघालें, तें पुन्हा स्थिर झालेंच नाहीं. देवळांत व घाटांवर पुराण सांगावें आणि मिळेल त्यावर निर्वाह करावा, असा क्रम चालला. १८७४ च्या सुमाराच्या दुष्काळांत वडील गेले, आई गेली. मागोमाग थोरली बहीणही गेली. उरलीं रमा व तिचा भाऊ श्रीनिवास. या दोघांनीं काश्मीरपर्यंत सुमारें चार हजार मैलांची पायपीट केली आणि १८७८ सालीं तीं कलकत्त्यास पोंचलीं. वीस वर्षांच्या मुलीस हजारों श्लोक मुखोद्गत आहेत हें पाहून तेथील विद्वानांनीं तिला पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. या सुखाला फार दिवस झाले नाहींत तोंच भाऊ वारला. त्याच वर्षीं, म्हणजे १८८० त, त्यांनीं बिपिनबिहारी दास मेधावी या परजातीच्या बंगाली वकिलाशीं नोंदणी पद्धतीनें विवाह केला. १८८१ च्या एप्रिलांत कन्या मनोरमा झाली, आणि १८८२ च्या फेब्रुवारींत पटकीनें पतीचा अंत झाला. तेवीस वर्षांची विधवा, कडेवर दहा महिन्यांचें मूल, आणि पृथ्वीवर आपलें म्हणावें असें कोणी नाहीं. पुढें निराधार स्त्रियांविषयीं बाई जें बोलत, तें त्यांना कोणा पुस्तकांतून शिकावें लागलें नव्हतें.

त्या वर्षीं त्या पुण्यास आल्या. न्यायमूर्ति रानडे व त्यांच्या पत्नी रमाबाई रानडे यांच्यासारख्या सुधारक मंडळींचा आधार त्यांना मिळाला. त्यांनीं आर्य महिला समाज स्थापन केला व सोलापूर, अहमदनगर, पंढरपूर, बार्शी अशा गांवीं त्याच्या शाखा काढिल्या. घराबाहेर पडणें ज्या काळांत स्त्रियांस अवघड होतें, त्या काळांत आठवड्यांतून एकदां एकत्र बसून चार गोष्टी ऐकणें हेंच मोठें धाडस होतें. याच वर्षीं हंटर शिक्षण आयोगापुढें साक्ष देऊन त्यांनीं स्त्री-शिक्षिका व स्त्री-डॉक्टर तयार करण्याची गरज मांडली. पुढच्या भगिनीसंघाचें हें पहिलें बीज; पण तें अजून एका भाषेपुरतें व बहुतेक एका जातीपुरतें होतें.

समुद्रापलीकडची वाट १८८३ सालीं उघडली. स्वतः लिहिलेल्या स्त्रीधर्मनीति या पुस्तकाच्या उत्पन्नांतून तिकिटाचे पैसे उभे करून बाई मुलीसह इंग्लंडास गेल्या. तेथें वाँटेज गांवच्या अँग्लिकन धर्मभगिनींच्या मठांत त्या राहिल्या. लंडनच्या फुलहॅम भागांत या भगिनी समाजानें टाकलेल्या स्त्रियांची शुश्रूषा करीत, त्यांना पुन्हा मानानें उभ्या करीत. तें बाईंनीं पाहिलें, आणि शोमरोनी स्त्रीची प्रभूशीं विहिरीपाशीं झालेली भेट त्यांना उमगली. शास्त्रांत ज्या स्त्रीला ठाव नव्हता तिला येथें ठाव आहे, असें त्यांच्या मनानें घेतलें. २९ सप्टेंबर १८८३ रोजीं मायलेकींचा स्नानसंस्कार झाला.

येथें एका लहानशा गोष्टीवर मला थोडें रेंगाळावेंसें वाटतें. मठांतून मिळालेल्या क्रुसावर लॅटिन शब्द होते, त्याला बाईंनीं हरकत घेतली. क्रुसाला त्यांचा विरोध नव्हता. आपल्याला न समजणारी भाषा आपण कां धारण करावी, त्यापेक्षां संस्कृत शब्द कां नसावेत, एवढाच त्यांचा आग्रह. कित्येकांना तो उद्धटपणा वाटला. मला मात्र येथें फादर थॉमस स्टीफन्स यांची आठवण होते. त्या इंग्रज जेजुइटानें आमच्या पूर्वजांसाठीं मराठी ओव्यांत क्रिस्तपुराण रचलें, आणि तें १६१६ सालीं राशोलास छापलें गेलें. पुराण ऐकून वाढलेल्या लोकांना त्यानें पुराणच दिलें. त्या इंग्रजाला जें पावणेतीनशें वर्षांपूर्वीं कळलें होतें, तेंच वाँटेजच्या मठांत एक मराठी बाई मागत होती.

वाद यापुढेंही पुष्कळ झाले. पवित्र त्रैक्याच्या सिद्धांताविषयीं बाईंच्या शंका होत्या. आपल्या विवेकाला न पटलेलें केवळ आज्ञा म्हणून मानण्यास त्या तयार नव्हत्या. चेल्टनहॅमच्या महाविद्यालयांत त्यांनीं पुरुषांना संस्कृत शिकवावें कीं नाहीं, यावर हिंदुस्थानांतल्या बिशपांनीं मतें दिलीं, आणि बाई संतापल्या. त्यांच्या धर्ममाता सिस्टर जेराल्डीन यांच्याशीं झालेला त्यांचा पत्रव्यवहार वाचतांना दोन मानी माणसें समोरासमोर उभीं दिसतात. सिस्टर त्यांना हट्टी समजत आणि बाईंना सिस्टरांचें वागणें जुलमी वाटे. तरीही पत्रें थांबलीं नाहींत. मनोरमा या सिस्टरांच्या मायेंत वाढली, आणि सिस्टरांनीं तीं सारीं पत्रें, ज्यांत त्यांच्यावरच कडक टीका आहे तींही, जपून ठेविलीं; १९७७ सालीं तीं पुस्तकरूपानें प्रसिद्ध झालीं. मतभेद मिटले नाहींत आणि नातेंही तुटलें नाहीं. देशोदेशींच्या स्त्रियांचा संघ कसा टिकतो, याचा पहिला धडा बाईंना या मठांत मिळाला असावा असें मला वाटतें.

१८८६ च्या मार्चांत त्या फिलाडेल्फियास गेल्या. त्यांच्या नात्यांतील आनंदीबाई जोशी तेथील स्त्री-वैद्यक महाविद्यालयांतून पदवी घेणार होत्या. समारंभापुरत्या गेलेल्या बाई अमेरिकेंत अडीच वर्षांहून अधिक राहिल्या. त्या महाविद्यालयाच्या प्रमुख डॉ. रेचेल बॉडली यांच्या प्रस्तावनेसह १८८७ सालीं त्यांचें उच्चवर्णीय हिंदु स्त्रियांविषयींचें इंग्रजी पुस्तक निघालें. त्यांतून व गांवोगांवच्या व्याख्यानांतून त्यांनीं एकच मागणें मागितलें. हिंदुस्थानांतील बालविधवांसाठीं एक घर उघडावयाचें आहे. तेथें त्यांना विद्या व निर्वाहाचा धंदा शिकवूं, आणि त्यांच्या धर्माला हात लावणार नाहीं.

हें शेवटचें वाक्य फार महत्त्वाचें आहे. ज्या देशांतून मिशनांना पैसा जात असे, त्याच देशांत उभें राहून एका ख्रिस्ती स्त्रीनें धर्मांतराचें आश्वासन न देतां पैसा मागितला, आणि तो मिळाला! १८८७ च्या डिसेंबरांत बोस्टनमध्यें रमाबाई असोसिएशन स्थापन झालें. त्याचे अध्यक्ष एडवर्ड एव्हरेट हेल हे युनिटेरियन, म्हणजे त्रैक्य न मानणारे. उपाध्यक्षांत फिलिप्स ब्रुक्स हे एपिस्कोपल पंथाचे, म्हणजे त्रैक्य मानणारे. आणि मेथॉडिस्ट पंथाच्या फ्रान्सिस विलर्ड या बाईही. रविवारीं हीं माणसें एका उपासनेला बसलीं नसतीं, पण बाईंच्या कामासाठीं एका मेजाभोंवतीं बसलीं. गांवोगांवीं रमाबाई मंडळें निघालीं. दरसाल एक डॉलर, दहा वर्षेंपर्यंत, असें वचन प्रत्येक सभासदानें द्यावयाचें. थोरामोठ्यांच्या देणगीपेक्षां या एकेका डॉलरचा विचार माझ्या मनांत अधिक येतो. ज्या स्त्रीनें तो दिला तिनें हिंदुस्थान पाहिला नव्हता, आणि पुढेंही पाहणार नव्हती. पण दहा वर्षेंपर्यंत दरसाल एकदां तरी तिला दुसऱ्या धर्माच्या, दुसऱ्या खंडांतल्या एका अनोळखी मुलीची आठवण होणार होती.

या विलर्डबाई मद्यपाननिषेधासाठीं झटणाऱ्या ख्रिस्ती स्त्रियांच्या मोठ्या संघाच्या अध्यक्षा होत्या. दारू जें घरांत करते तेंच युद्ध जगांत करतें, असें पाहून या संघानें १८८७ सालीं शांतीचें व राष्ट्राराष्ट्रांतील तंटे लवादानें मिटविण्याचें एक स्वतंत्र खातें उघडलें, व तें हॅना बेली या क्वेकर पंथाच्या बाईंकडे सोंपविलें. रमाबाई या संघांत सामील झाल्या व हिंदुस्थानासाठीं त्याचें काम त्यांनीं अंगावर घेतलें. १८८८ च्या मार्च महिन्याच्या अखेरीस वॉशिंग्टन येथें आंतरराष्ट्रीय स्त्री-परिषद भरली. निरनिराळ्या देशांच्या स्त्री-संस्था एका छपराखालीं आणणारी अशी मोठी सभा त्यापूर्वीं झाली नव्हती. तेथें पांढऱ्या साडींतील ही मराठी विधवा हिंदुस्थानच्या स्त्रियांच्या वतीनें बोलली. गुलामगिरींतून स्वतः निसटून इतरांना सोडविणाऱ्या हॅरिएट टबमन या वृद्ध कृष्णवर्णीय बाईंनाही त्या भेटल्या. अमेरिकेचें कौतुक करतांना त्यांनीं डोळे मिटले नव्हते. परत आल्यावर १८८९ सालीं प्रसिद्ध केलेल्या मराठी प्रवासवृत्तांत त्यांनीं तेथील स्त्रियांच्या संस्थांची मनसोक्त स्तुति केली, आणि तेथल्या वर्णद्वेषाबद्दल व मूळच्या रहिवाशांवर झालेल्या अन्यायाबद्दल स्पष्ट शब्दांत दोषही दिला.

जपानवरून प्रवास करीत त्या १८८९ च्या आरंभीं मुंबईस उतरल्या आणि ११ मार्च रोजीं चौपाटीजवळ शारदा सदन उघडलें. समारंभाच्या अध्यक्षस्थानीं लेखिका काशीबाई कानिटकर होत्या. पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई या देवरूखच्या. १९८१ सालीं आपला सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला, तोंवर मालवण व देवरूख एकाच रत्नागिरी जिल्ह्यांत मोडत असत. म्हणून ही आपल्याच कोंकणची लेक, असें मी समजतों. सदनांत ब्राह्मण मुलींच्या स्वयंपाकाची व सोवळ्याची व्यवस्था त्यांच्या रीतीप्रमाणें होती. ज्या जातिधर्मांतून बाई स्वतः बाहेर पडल्या होत्या, त्याचे नियम त्या आपल्या छपराखालीं दुसऱ्यांसाठीं पाळीत. रानडे, भांडारकर, तेलंग अशी मोठी हिंदु मंडळी सदनाच्या सल्लागारांत होती. बोस्टनचे ख्रिस्ती, पुण्यामुंबईचे हिंदु सुधारक, आणि मध्यें ही एकटी बाई. १८९० च्या अखेरीस सदन पुण्यास गेलें.

तेथें तें मोडतां मोडतां राहिलें. बाई रोज आपल्या खोलींत प्रार्थना करीत व खोलीचें दार उघडें ठेवीत. कांहीं मुली आपण होऊन आंत येऊन बसूं लागल्या. हें बाहेर पडतांच पुण्यांत गहजब झाला. केसरीनें झोड उठविली. १८९३ सालीं सल्लागार मंडळानें अंग काढून घेतलें, आणि पालकांनीं वीसांहून अधिक मुली घरीं नेल्या. मुलांनीं आईच्या खोलींत येऊं नये म्हणून आई दार लावीत नाहीं, अशी बाईंची बाजू होती.

या ठिकाणीं माझी लेखणी अडखळते, कारण मी प्रार्थनेचेंच काम करणारा मनुष्य आहें. बाईंनीं कोणावर सक्ति केली नाहीं, हें खरेंच. ओरड करणाऱ्यांपैकीं बहुतेकांनीं एका विधवेलाही कधीं घरांत घेऊन अक्षर शिकविलें नव्हतें, हेंही खरें. तरीपण जिला जगांत दुसरें दार उरलेंच नाहीं, अशा मुलीपुढें अन्नदात्रीच्या प्रार्थनेचें दार उघडें असणें ही साधी गोष्ट नव्हे. तिचें आंत येणें किती भक्तीनें व किती कृतज्ञतेनें, हें तिचें तिलाही सांगतां आलें नसतें. आपल्या किनाऱ्यावर गणपतीच्या दिवसांत करंज्यांचें ताट ख्रिस्ती घरीं येतें आणि नाताळांत नेवऱ्यांचें ताट हिंदु घरीं जातें, तें पिढ्यान् पिढ्या सुखानें चाललें आहे. कारण देणाऱ्याचें व घेणाऱ्याचें घर आपापलें आहे. सदनांत एकीचें घर होतें व बाकीच्यांचें नव्हतें. भांडारकर-रानड्यांसारख्या मित्रांनीं पाठ फिरविली ती केवळ द्वेषानें, असें मला म्हणवत नाहीं. बाईंनीं शब्द मोडला असेंही मी म्हणणार नाहीं. पण तो शब्द किती नाजुक होता, हें त्यांना उशिरां कळलें असावें. अन्य धर्मांत जें सत्य व पवित्र आहे तें ख्रिस्तसभा नाकारीत नाहीं, असें दुसऱ्या व्हॅटिकन धर्मपरिषदेनें १९६५ सालीं जाहीर केलें. ही भाषा १८९३ च्या पुण्यांत कोणाच्याच तोंडीं नव्हती, ख्रिस्ती लोकांच्या नाहीं आणि हिंदूंच्याही नाहीं.

बोस्टननें मात्र दहा वर्षांचें वचन पुरें पाळलें. १८९८ सालीं मुदत संपतांच बाई स्वतः अमेरिकेस गेल्या आणि झालेल्या कामाचा हिशेब मांडला. जुनें असोसिएशन विसर्जन होऊन त्याच्या जागीं नवें उभें राहिलें.

तोंवर इकडे दुष्काळानें दुसरें दार उघडलें होतें. १८९६-९७ त मध्यप्रांतांत लोक अन्नावांचून मरूं लागले. ज्या बाईचे आईबाप दुष्काळांत गेले होते, तिला घरीं बसवेना. त्या गेल्या, आणि तीनएकशें मुली व स्त्रिया घेऊन परतल्या. पुण्याजवळ केडगांवास घेतलेल्या जमिनीवर मुक्तिसदन उभें राहिलें. १९०० च्या गुजराथच्या दुष्काळानंतर तेथील संख्या दोन हजारांच्या घरांत गेली. त्यांत आतां ब्राह्मण विधवांबरोबर सगळ्या जातींच्या, अंध, रोगी, टाकलेल्या अशा सर्व जणी होत्या. विहिरी खणल्या गेल्या. विणकाम, तेलघाणी, दुभतें, छापखाना असे उद्योग स्त्रियांच्याच हातांनीं चालूं लागले. अंध मुलींना ब्रेल लिपि मनोरमेनें शिकविली. मदतीला अमेरिका, इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, स्वीडन येथून स्त्रिया येऊन राहूं लागल्या. येथें मात्र काम उघडपणें ख्रिस्ती होतें. शारदा सदनाच्या पहिल्या दिवसाचा तो रुंद करार, ज्यांत हिंदु व ख्रिस्ती दोघेही सारखे भागीदार होते, तो मुक्तिसदनांत राहिला नाहीं. उपकार वाढला आणि अंगण अरुंद झालें, असें म्हणावें लागतें. इतक्या मरणाऱ्या मुली दारांत असतां दुसरें काय करावें, याचें उत्तर मला देतां येत नाहीं.

शेवटचीं वर्षें बाईंनीं बायबलाच्या भाषांतराला दिलीं. अडाणी स्त्रीलाही समजावें अशा सोप्या मराठींत तें असावें, म्हणून त्या उतारवयांत हिब्रू व ग्रीक शिकल्या, आणि एकटीनें मूळ भाषांवरून सारा ग्रंथ मराठींत आणला. क्रुसावरच्या लॅटिन शब्दांना हरकत घेणारी बाई आपल्या मतावर शेवटपर्यंत ठाम राहिली. १९१९ सालीं सरकारनें त्यांना कैसर-इ-हिंद पदक दिलें. २४ जुलै १९२१ रोजीं मनोरमा वारली. तीच पुढें सर्व संभाळील असें बाईंनीं धरलें होतें. त्यानंतर नऊ महिन्यांच्या आंत, ५ एप्रिल १९२२ रोजीं केडगांवास बाईंनीं देह ठेविला.

देवरूखच्या गोदूबाईंचें पुढें काय झालें, तें सांगून थांबतों. सदन उघडल्याला बरोबर चार वर्षें झालीं त्या दिवशीं, ११ मार्च १८९३ रोजीं, पुण्यास त्यांचा पुनर्विवाह धोंडो केशव कर्वे यांच्याशीं झाला व त्या आनंदीबाई झाल्या. बायकोच्या अनुभवाचा आधार असलेल्या या गृहस्थांनीं १८९६ सालीं हिंदु विधवांसाठीं आश्रम काढला. तोच पुढें हिंगण्यास गेला, आणि १९१६ सालीं त्यांनीं स्त्रियांचें विद्यापीठ स्थापन केलें. आनंदीबाईंनीं या कामांसाठीं दारोदार फिरून वर्गणी जमविली. त्या १९५० पर्यंत जगल्या. रमाबाईंच्या घरीं कांहीं वर्षें राहून, शिकून, त्यांचें दार उघडें असतांना, त्या शेवटपर्यंत हिंदूच राहिल्या होत्या.